मंत्रबल वाढविणाऱ्या जादुई वस्तूंची किंमत : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमसंहितेची चिकित्सा

गोषवारा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिकाखेळाच्या तिसऱ्या आवृत्तीने (२०००, सुधारित २००३) जादुई वस्तूंच्या किमती सूत्रांनी ठरविण्याचा प्रयत्न केला. स्वतः मंत्र टाकणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ही सूत्रे बऱ्याच अंशी उपयोगी पडतात. परंतु दुसऱ्याच्या मंत्राचे बळ वाढविणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ती अपुरी ठरतात, कारण अशा वस्तूचे मूल्य वस्तूत नसून ती वापरणाऱ्यात असते. मेटामॅजिक दंड, 'रिंग ऑफ विझर्ड्री' आणि जपमाळेतील कर्ममणी या तीन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत निबंधात ही अपुरेपणाची जागा दाखविली आहे. अशा वस्तूंना न्याय्य ठेवण्याचे काम किमतीपेक्षा वापरावरील मर्यादा अधिक चांगल्या प्रकारे करते, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, नियमसंहिता, जादुई वस्तू, किंमत, मूल्य, मर्यादा, न्याय्यता.

१. प्रस्तावना

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, आणि टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांचा एक नवा प्रकार रूढ झाला. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी देवाची उपासना करून मंत्रसामर्थ्य मिळविणारा क्लेरिक. एक जण खेळसंचालक असतो. तो कथेचे जग उभे करतो, संकटे निर्माण करतो आणि नियमांचा अर्थ लावतो. फासे टाकून कृतींचे यशापयश ठरते. या खेळात हारजीत नसते, स्पर्धाही नसते. म्हणूनच येथे न्याय्यतेचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. 'कोण जिंकले' असे येथे कोणी विचारत नाही. 'कोणाच्या वाट्याला किती आले' हे मात्र प्रत्येकाच्या मनात असते. तीन-चार तासांच्या बैठकीत एकाच पात्राने सर्व संकटे निवारली, तर इतर खेळाडू प्रेक्षक होऊन बसतात.

या वाटणीचे एक प्रमुख साधन म्हणजे जादुई वस्तू. पात्रांना साहसातून सुवर्णमुद्रा मिळतात आणि त्या मुद्रांतून ती वस्तू विकत घेतात अथवा तयार करून घेतात. वस्तूची किंमत चुकली की वाटणी चुकते. ही चूक जगाच्या बाजारपेठेत घडत नसून एका टेबलाभोवतीच्या चार-पाच स्नेह्यांमध्ये घडते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

खेळाची नियमपुस्तके ही वाङ्मयकृती नव्हेत, हे मान्य. तथापि ती संहिता आहेत. त्यांना रचना आहे, गृहीतके आहेत, स्वतःविषयीची एक भूमिका आहे. त्यामुळे कोणत्याही संहितेप्रमाणे त्यांचीही चिकित्सा करता येते, किंबहुना करावयास हवी.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) जादुई वस्तूंच्या किंमतसूत्रांमागील गृहीतक स्पष्ट करणे.
२) मंत्रबल वाढविणाऱ्या वस्तूंना ते गृहीतक का लागू पडत नाही, हे उदाहरणांनी दाखविणे.
३) नंतरच्या आवृत्त्यांनी या प्रश्नाची केलेली सोडवणूक तपासणे.
४) खेळसंचालकास उपयोगी पडेल असा एक निकष सुचविणे.

विवेचन प्रामुख्याने २००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीपुरते मर्यादित आहे. चौथी (२००८) व पाचवी (२०१४, सुधारित २०२४) या आवृत्त्या आणि 'पाथफाइंडर' (२००९) यांचा विचार तुलनेपुरता केला आहे. निबंधातील किमती मूळ नियमांतील असून त्यांवरील आकडेमोड प्रस्तुत लेखकाची आहे.

३. सूत्र आणि त्याचे गृहीतक

१९७९ च्या खेळसंचालक-मार्गदर्शिकेत जादुई वस्तूंच्या विक्रीमूल्यांची यादी होती, पण ते मूल्य कसे काढले याचे स्पष्टीकरण नव्हते. माँटी कुक, जोनाथन ट्वीट व स्किप विल्यम्स यांनी रचलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मात्र हे काम उघड्यावर आणले. किंमत कशी काढावी याचा तक्ताच तिने खेळाडूंच्या हाती दिला. २००० मधील खुल्या परवान्यामुळे हे नियम अन्य प्रकाशकांनाही वापरता आले, आणि एका पुस्तकातील तक्ता अनेक पुस्तकांचा आधार झाला.

या खेळात मंत्रांच्या शून्य ते नऊ अशा पातळ्या आहेत. मंत्र टाकणाऱ्याचीही एक पातळी असते. तिला येथे 'प्रयोक्ता-पातळी' म्हटले आहे. सूत्रांचे स्वरूप साधे आहे. एकदा वाचून संपणाऱ्या मंत्रपटाची किंमत म्हणजे मंत्रपातळी गुणिले प्रयोक्ता-पातळी गुणिले २५ सुवर्णमुद्रा. प्राशन करावयाच्या द्रवासाठी गुणक ५०, पन्नास वेळा वापरता येणाऱ्या कांडीसाठी ७५०, तर आदेश देताच हवी तितक्या वेळा चालणाऱ्या वस्तूसाठी १,८००. शस्त्राच्या जादुई वाढीची किंमत वाढीच्या वर्गाच्या २,००० पट असते. म्हणून एकने वाढविलेली तलवार २,००० ची, तर पाचने वाढविलेली ५०,००० ची. वस्तू स्वतः तयार केल्यास निम्मी किंमत आणि किमतीच्या पंचविसाव्या भागाइतके अनुभवगुण खर्ची पडतात. अनुभवगुणांची ही अट 'पाथफाइंडर'ने २००९ मध्ये काढून टाकली.

या सूत्रांमागचे गृहीतक असे की, वस्तूचे सामर्थ्य वस्तूतच साठविलेले असते. कांडीच्या बाबतीत ते खरे आहे. पहिल्या पातळीचा जखम भरण्याचा मंत्र कांडीत भरला, तर ती कांडी पहिल्या पातळीच्या क्लेरिकच्या हाती असो वा विसाव्या पातळीच्या, तितकीच जखम भरते. तिची किंमत ७५० मुद्रा, म्हणजे एका वापराची पंधरा मुद्रा.

अर्थात येथेही सूत्र सर्वत्र टिकत नाही. तोच मंत्र आदेशाने अमर्याद चालणाऱ्या वस्तूत घातला तर सूत्राने किंमत येते १,८०० मुद्रा, म्हणजे कांडीच्या हिशोबाने फक्त १२० वापर. एकशे एकविसाव्या वापरापासून पुढचे सर्व उपचार फुकट! नियमसंहितेला याची जाणीव आहे. सूत्रे हा केवळ आरंभबिंदू आहे, वस्तूचे खरे मोल पाहून किंमत बदलावी आणि अस्तित्वात असलेल्या तत्सम वस्तूंशी तुलना करावी, असे ती स्वतःच सांगते. ही भूमिका प्रामाणिक आहे. प्रश्न इतकाच उरतो की, ज्या वस्तूंशी तुलना करावयाची त्यांच्या किमती तरी परस्परांशी जुळतात काय?

४. मेटामॅजिक दंड : एकच किंमत, बदलते मूल्य

मंत्रबल वाढविणाऱ्या वस्तूंमध्ये मेटामॅजिक दंड सर्वांत महत्त्वाचे. मंत्राचे रूप बदलण्याच्या विद्येस या खेळात 'मेटामॅजिक' म्हणतात. 'एक्स्टेंड' मंत्राचा काळ दुप्पट करते, 'एम्पॉवर' त्याचा परिणाम दीडपट करते, 'मॅक्सिमाइझ' फाशांचे कमाल दान मिळवून देते, तर 'क्विकन'मुळे एकाच फेरीत नेहमीच्या कृतीखेरीज आणखी एक मंत्र टाकता येतो. ही विद्या अवगत असणाऱ्यास त्याचे मोल द्यावे लागते. बदललेला मंत्र अनुक्रमे एक, दोन, तीन व चार पातळ्या वरच्या स्थानी ठेवावा लागतो. दंड हाती असला की विद्याही नको आणि वरचे स्थानही नको. दंड दिवसातून तीन वेळा चालतो. लघुदंड तिसऱ्या, मध्यमदंड सहाव्या आणि बृहद्दंड नवव्या पातळीपर्यंतच्या मंत्रांना लागू पडतो.

लघु 'एम्पॉवर' दंडाची किंमत ९,००० मुद्रा आहे. तिसऱ्या पातळीचा 'फायरबॉल' हा अग्निमंत्र पाहू. प्रयोक्त्याच्या प्रत्येक पातळीमागे एक षट्मुखी फासा, कमाल दहा फासे, असा त्याचा नियम आहे. पाचव्या पातळीचा मांत्रिक पाच फासे टाकतो, सरासरी साडेसतरा. दंडामुळे त्यात पावणेनऊची भर पडते. दहाव्या पातळीवर सरासरी पस्तीस, आणि भर साडेसतराची. म्हणजे दंड तोच, किंमत तीच, पण त्याचे काम दुप्पट झाले.

आता नियमसंहितेतीलच दुसरा तक्ता याच्याशेजारी ठेवून पाहावा. कोणत्या पातळीच्या पात्राकडे एकूण किती संपत्ती असावी, हे तो सांगतो. पाचव्या पातळीस ९,००० मुद्रा, दहाव्या पातळीस ४९,०००. याचा अर्थ, दंड जेव्हा सर्वांत कमी उपयोगी असतो तेव्हा तो पात्राची सर्व संपत्ती मागतो. त्याचे काम दुप्पट होते तेव्हा तो संपत्तीच्या पाचव्या भागाहूनही कमी मागतो. तलवारीच्या बाबतीतही योद्ध्याचे वार पातळीनुसार वाढतात हे खरे. मात्र सहाव्या, अकराव्या व सोळाव्या पातळीवर होणारी ती वाढ पायरीपायरीने येते आणि वाढीव वार कमी अचूक असतात. शिवाय तलवार योद्धा घेवो वा क्लेरिक, तिची एकने वाढ ती एकनेच वाढ. दंड मात्र योद्ध्याच्या हाती निव्वळ काठी आहे. तो विकावयास काढला तर नियमानुसार निम्मी किंमत येते. तेव्हा ९,००० ही किंमत नेमकी कोणाच्या दृष्टीने ठरविली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

दंडांच्या किमतींत अंतर्गत सुसंगती आहे काय, हेही तपासता येते. 'पर्ल ऑफ पॉवर' हा मोती दिवसातून एकदा, टाकून झालेला एक मंत्र मांत्रिकास परत मिळवून देतो. त्याची किंमत मंत्रपातळीच्या वर्गाच्या हजारपट असते : पहिल्या पातळीस १,०००, तिसरीस ९,०००, नववीस ८१,०००. तिसऱ्या पातळीचा मंत्र 'एक्स्टेंड' करण्यास चौथ्या पातळीचे स्थान लागते. म्हणून त्या दोन मोत्यांच्या किमतींतील फरक म्हणजे ७,००० ही त्या वाढीची किंमत मानू, आणि तीन वापरांसाठी तिची तिप्पट करू. प्रत्येक दंडाच्या मर्यादेतील सर्वोच्च मंत्र धरला तर पुढील चित्र दिसते. नववीच्या वरचे मोती नियमांत नाहीत; तेथे वर्गाचे सूत्रच पुढे चालविले आहे.

तक्ता क्र. १ : दंडाची किंमत, मोत्यांवरून येणारी किंमत व त्यांचे प्रमाण

एक्स्टेंड : लघु ३,००० / २१,००० (१४ टक्के), मध्यम ११,००० / ३९,००० (२८ टक्के), बृहत् २४,५०० / ५७,००० (४३ टक्के)

एम्पॉवर : लघु ९,००० / ४८,००० (१९ टक्के), मध्यम ३२,५०० / ८४,००० (३९ टक्के), बृहत् ७३,००० / १,२०,००० (६१ टक्के)

मॅक्सिमाइझ : लघु १४,००० / ८१,००० (१७ टक्के), मध्यम ५४,००० / १,३५,००० (४० टक्के), बृहत् १,२१,५०० / १,८९,००० (६४ टक्के)

क्विकन : लघु ३५,००० / १,२०,००० (२९ टक्के), मध्यम ७५,५०० / १,९२,००० (३९ टक्के), बृहत् १,७०,००० / २,६४,००० (६४ टक्के)

तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दंड मोत्यांच्या मानाने सर्वत्र स्वस्त आहेत, वस्तुतः त्यांत विद्येचाही खर्च वाचतो. दुसरी, जितका दंड लहान तितकी सवलत मोठी. खालच्या पातळीचे मंत्र वाढविणे हा या संहितेतील सर्वांत किफायतशीर सौदा ठरतो.

५. 'रिंग ऑफ विझर्ड्री' : उलट दिशेची विसंगती

वरील प्रवृत्ती हेतुपूर्वक ठेवली असेल, असे क्षणभर मानू. खालच्या पातळीचे मंत्र एरवी दुबळे, म्हणून त्यांना बळ देणारी वस्तू स्वस्त ठेवली, असा युक्तिवाद करता येईल. परंतु त्याच पुस्तकातील 'रिंग ऑफ विझर्ड्री' ही अंगठी या युक्तिवादास छेद देते.

ही अंगठी एका विशिष्ट पातळीच्या मंत्रांची मूळ संख्या दुप्पट करते. तिचे चार प्रकार आहेत. पहिल्या पातळीसाठी २०,०००, दुसरीसाठी ४०,०००, तिसरीसाठी ७०,००० आणि चौथीसाठी १,००,००० मुद्रा. पूर्ण वाढलेल्या मांत्रिकास प्रत्येक पातळीचे मूळ चार मंत्र असतात; अंगठी आणखी चार देते. हेच काम चार मोत्यांनी केले तर खर्च येतो अनुक्रमे ४,०००, १६,०००, ३६,००० व ६४,००० मुद्रा. म्हणजे पहिल्या प्रकारची अंगठी मोत्यांच्या पाचपट महाग, दुसरी अडीचपट, तिसरी सुमारे दुपटीने, तर चौथी दीडपटीहून थोडी अधिक.

अंगठी आणि मोती यांत फरक आहे, हे नाकारता येत नाही. मोती आधी तयार केलेला मंत्रच परत देतो, अंगठी नवे स्थान देते. सॉर्सरर या वर्गाचे प्रयोक्ते मंत्र आधी तयार करीत नाहीत, म्हणून त्यांना मोती निरुपयोगी, पण अंगठी उपयोगी असते. त्यांचे मूळ मंत्र सहा असतात, त्यामुळे त्यांना तीच अंगठी दीडपट फळते. हे सर्व गृहीत धरूनही मूळ मुद्दा राहतोच. दंड खालच्या पातळीवर सर्वाधिक स्वस्त आहे, अंगठी खालच्या पातळीवर सर्वाधिक महाग. दोन्ही मंत्रबल वाढविणाऱ्याच वस्तू, एकाच पुस्तकातल्या. 'तत्सम वस्तूशी तुलना करा' हा सल्ला मानणाऱ्या खेळसंचालकाने कोणाशी तुलना करावी? दंडाशी केली तर नवी वस्तू स्वस्त ठरेल, अंगठीशी केली तर महाग. मापदंडच दोन असल्यावर मोजणीला अर्थ उरत नाही.

६. कर्ममणी : बेरजेतून निसटलेली किंमत

तिसरे उदाहरण जपमाळेचे आहे. क्लेरिकसाठी असलेल्या या माळेत वेगवेगळ्या सामर्थ्यांचे मणी असतात. त्यांपैकी 'बीड ऑफ कर्मा' हा मणी, ज्याचे नावच आपल्या परिचयाच्या संस्कृत शब्दावरून आले आहे, दिवसातून एकदा दहा मिनिटांसाठी प्रयोक्ता-पातळी चारने वाढवितो.

माळेतून एखादा मणी गहाळ असल्यास किमतीतून किती वजा करावे, हे नियमसंहिता सांगते : आशीर्वादाचा मणी ६००, उपचाराचा ९,०००, प्रहाराचा १६,८००, कर्ममणी २०,०००, आवाहनाचा २०,०००, वायुगमनाचा ४६,८००. लहान माळेत आशीर्वाद व उपचार हे मणी असतात. बेरीज ९,६०० आणि छापील किंमतही ९,६००. मोठ्या माळेत उपचार, कर्म, आवाहन व वायुगमन. बेरीज ९५,८०० आणि किंमतही तितकीच. मधल्या माळेत उपचार, कर्म व प्रहार हे मणी आहेत. त्यांची बेरीज ४५,८०० होते. २००३ च्या पुस्तकात मात्र किंमत छापली आहे २५,८००.

हा फरक नेमका २०,००० चा, म्हणजे कर्ममण्याच्याच किमतीचा आहे. परिणाम विलक्षण होतो. मधल्या माळेतून उपचाराचा व प्रहाराचा मणी काढून टाकले तर केवळ कर्ममणी असलेल्या माळेची किंमत नियमानुसार शून्य येते. तिन्ही मणी काढले तर ती उणे २०,००० होते! 'पाथफाइंडर'ने २००९ मध्ये मधल्या माळेची किंमत ४५,८०० केली, यावरून बेरजेची चूक मान्य झाली असे समजण्यास हरकत नाही.

तथापि चिकित्सेच्या दृष्टीने बेरजेची चूक गौण आहे. २०,००० ही किंमत बरोबर धरली तरी ती कशाची किंमत आहे, हा खरा प्रश्न. याच पुस्तकात नारिंगी रंगाचा, लोलकाच्या आकाराचा 'आयून स्टोन' नावाचा खडा आहे. तो प्रयोक्ता-पातळी कायमची एकने वाढवितो आणि त्याची किंमत ३०,००० आहे. कायमची एक पातळी तीस हजारांना आणि दहा मिनिटांच्या चार पातळ्या वीस हजारांना. वरवर पाहता हा सौदा समतोल वाटतो, कारण दहा मिनिटे हा काळ लहान आहे.

परंतु तो लहान आहे काय? या खेळातील एक फेरी सहा सेकंदांची. दहा मिनिटे म्हणजे शंभर फेऱ्या. शिवाय अनेक मंत्र टाकते वेळच्या पातळीनुसार तासन् तास टिकतात. 'ग्रेटर मॅजिक वेपन' हा मंत्र शस्त्रास प्रत्येक चार पातळ्यांमागे एकची वाढ देतो आणि प्रत्येक पातळीमागे एक तास टिकतो. 'मॅजिक व्हेस्टमेंट' हेच काम चिलखतासाठी वा ढालीसाठी करतो. बाराव्या पातळीचा क्लेरिक एरवी तीनची वाढ बारा तासांसाठी देईल. कर्ममणी जागा करून तो सोळाव्या पातळीचा प्रयोक्ता होतो, आणि चारची वाढ सोळा तासांसाठी देतो. नियमांच्याच भाषेत बोलायचे तर शस्त्राची वाढ १८,००० वरून ३२,००० च्या तोडीची, चिलखताची ९,००० वरून १६,००० च्या तोडीची झाली. दोन शस्त्रे व दोन चिलखते इतके जरी केले तरी ४२,००० मुद्रांच्या तोडीचे बळ रोज सकाळी चार फेऱ्यांत, म्हणजे चोवीस सेकंदांत निर्माण होते.

त्याच क्लेरिकने ३०,००० चा खडा घेतला असता तर? बारावरून तो तेराव्या पातळीचा प्रयोक्ता झाला असता. तेरास चारने भागले तर पूर्ण तीनच येतात. शस्त्राच्या वाढीत काहीही फरक पडला नसता. काळ फक्त एका तासाने वाढला असता. पंधराव्या पातळीच्या क्लेरिकला मात्र हाच खडा सोळाव्या पायरीवर नेतो आणि एकची पूर्ण वाढ मिळवून देतो. खड्याची किंमत बदललेली नाही, खडाही बदललेला नाही. बदलली ती घेणाऱ्याची पातळी, आणि केवळ तेवढ्यानेच शून्याचे मूल्य झाले.

किंमत आणि मूल्य हे शब्द आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. या उदाहरणाने त्यांतील भेद लख्ख दिसतो. किंमत वस्तूला चिकटविता येते. मूल्य वस्तू आणि वापरणारा यांच्या संबंधातून उत्पन्न होते. गणिती भाषेत, कांडी संपत्तीत भर घालते, तर मंत्रबल वाढविणारी वस्तू असलेल्या सामर्थ्यास गुणते. गुणकाची किंमत गुण्य ठाऊक असल्याशिवाय ठरविता येत नाही.

७. नंतरच्या आवृत्त्यांची उत्तरे

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सूत्रांचा मार्ग सोडून प्रत्येक वस्तूस एक पातळी दिली आणि पातळीवरून किंमत ठरविली. पहिल्या पातळीची वस्तू ३६० ची, सहाव्या पातळीची १,८०० ची, अकराव्या पातळीची ९,००० ची. दर पाच पातळ्यांना पाचपट. योद्ध्याची एकने वाढविलेली तलवार आणि मांत्रिकाची एकने वाढविलेली कांडी या आवृत्तीत एकाच किमतीच्या आहेत. ही समता साधण्यासाठी मंत्र व तलवारीचे वार यांनाच एका साच्यात बसवावे लागले. प्रश्न सुटला, पण ज्या वैविध्यातून तो उद्भवला होता ते वैविध्यही कमी झाले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने उलट टोक गाठले. तिने जादुई वस्तूंची खरेदी-विक्री गृहीतच धरली नाही. वस्तूंचे दुर्मिळतेनुसार वर्ग केले आणि प्रत्येक वर्गास एक विस्तृत किंमतपट्टा दिला. 'रेअर' वर्गासाठी ५०१ ते ५,००० मुद्रा, म्हणजे जवळजवळ दहापटींचा पट्टा. २०२४ च्या मार्गदर्शिकेने पट्ट्यांऐवजी ठरावीक आकडे दिले : 'अनकॉमन' ४००, 'रेअर' ४,०००, 'व्हेरी रेअर' ४०,०००.

या पद्धतीचा दोष मंत्रबल वाढविणाऱ्या वस्तूंतच प्रकर्षाने दिसतो. 'वाँड ऑफ द वॉर मेज' ही एकची कांडी मंत्राच्या नेमास एकची भर घालते. २०२० मध्ये आलेला 'आर्केन ग्रिमॉयर' हा एकचा ग्रंथ नेमास तर भर घालतोच, शिवाय मंत्र परतविणे शत्रूला एकने कठीण करतो. दोन्ही वस्तू 'अनकॉमन'. कांडी कोणत्याही प्रयोक्त्यास चालते व आडोशाचा काही अडथळा दूर करते, ग्रंथ केवळ विझार्डला चालतो, हे भेद आहेत. पण विझार्डपुढे दोन्ही ठेवल्यास त्याची निवड कोणती असेल, याविषयी फारसा संदेह राहत नाही. दुर्मिळता ही किंमत लपविण्याची रीत ठरते, किंमत ठरविण्याची नव्हे.

या आवृत्तीचे एक योगदान मात्र महत्त्वाचे आहे. 'अट्यूनमेंट' या नियमानुसार पात्राला एका वेळी प्रभावी वस्तूंपैकी जास्तीत जास्त तीन वस्तूंशीच बांधून घेता येते. मुद्रा कितीही असोत, चौथी वस्तू निरुपयोगी. हे बंधन पैशाने ओलांडता येत नाही.

८. किंमत की मर्यादा?

येथपर्यंतच्या विवेचनावरून किंमत निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. किंमत एक काम निश्चित करते : ती वस्तू लांबणीवर टाकते. लघु 'क्विकन' दंड ३५,००० चा. निम्म्याहून अधिक संपत्ती एका वस्तूत घालू नये असे ठरविले, तर ज्याची संपत्ती ८८,००० आहे अशा बाराव्या पातळीच्या आत तो हाती येत नाही. किंमत म्हणजे एक प्रकारची प्रतीक्षा. परंतु प्रतीक्षा संपल्यावर, वस्तू हाती आल्यावर, किंमत काहीच करू शकत नाही. त्यानंतर वस्तूच्या वापरावर लक्ष ठेवते ती मर्यादा.

दंडांचा पुन्हा विचार करू. त्यांच्या किमती विसंगत असूनही त्यांवर तीन मर्यादा आहेत : दिवसातून तीन वापर, ठरावीक पातळीपर्यंतचेच मंत्र, आणि दंड हाती धरण्याची अट. यांपैकी दुसरी सर्वांत मोलाची. मांत्रिक विसाव्या पातळीस पोहोचला तरी लघुदंड तिसऱ्या पातळीच्या मंत्रांपुरताच राहतो. 'फायरबॉल'चे फासेही दहावर थांबतात. म्हणजे गुणक अमर्याद वाढू नये याची सोय गुण्यावर बंधन घालून केली आहे. कर्ममण्यावर अशी मर्यादा नाही. त्यावर काळाची मर्यादा आहे, पण ती चुकीच्या ठिकाणी आहे. मंत्र टाकण्याचा काळ तिने मर्यादित केला, मंत्र टिकण्याचा नाही. मणी निवल्यावर त्याच्या प्रभावाखाली टाकलेले मंत्रही मूळ पातळीवर येतील एवढे एक वाक्य असते, तर वीस हजार ही किंमत बहुधा पुरेशी ठरली असती.

म्हणून मंत्रबल वाढविणारी नवी वस्तू खेळात आणण्यापूर्वी खेळसंचालकाने पुढील तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते.

पहिला : या टेबलावरील कोणत्या पात्राच्या हाती ही वस्तू सर्वाधिक फळेल? किंमत त्याच्या दृष्टीने ठरवावी. सरासरी ग्राहक येथे अस्तित्वातच नसतो.

दुसरा : ते पात्र पाच पातळ्यांनी वाढल्यावर ही वस्तू किती फळेल? वाढ मोठी असेल तर किंमत चढविण्याऐवजी मंत्रपातळीची वा वापरसंख्येची मर्यादा घालावी.

तिसरा : या वस्तूमुळे दुसऱ्या कोणाचे काम अनावश्यक होते काय? कर्ममण्याने योद्ध्याची तलवार अधिक तीक्ष्ण होत असेल तर तो सर्वांचा लाभ आहे. 'क्विकन' दंडाने मांत्रिक एका फेरीत दोघांचे काम करू लागला, तर तो दुसऱ्या खेळाडूचा तोटा आहे. हा तोटा सुवर्णमुद्रांत मांडता येत नाही, म्हणूनच तो कोणत्याही सूत्रात येत नाही.

९. निष्कर्ष

१) तिसऱ्या आवृत्तीची किंमतसूत्रे वस्तूचे सामर्थ्य वस्तूतच असते या गृहीतकावर उभी आहेत. मंत्रबल वाढविणाऱ्या वस्तूंना हे गृहीतक लागू पडत नाही.

२) अशा वस्तूंच्या छापील किमती परस्परविसंगत आहेत. दंड खालच्या पातळीवर अतिस्वस्त, तर अंगठी तेथेच अतिमहाग आहे. त्यामुळे 'तत्सम वस्तूशी तुलना' हा मार्ग भरवशाचा राहत नाही.

३) चौथ्या आवृत्तीने वैविध्य कमी करून, तर पाचव्या आवृत्तीने नेमकेपणा कमी करून हा प्रश्न टाळला.

४) किंमत वस्तूची प्राप्ती लांबविते, न्याय्यता राखण्याचे काम मर्यादा करते. मर्यादा योग्य ठिकाणी घातली असेल तर किमतीतील चूक सोसते. ती अयोग्य ठिकाणी असेल तर अचूक किंमतही पुरी पडत नाही.

तिसऱ्या आवृत्तीने आपली आकडेमोड उघड केली, हे तिचे ऋण मान्य करावयास हवे. माळेच्या बेरजेतील चूक सापडते, कारण बेरीज वाचकापुढे मांडलेली आहे. दुर्मिळतेच्या पट्ट्यांत अशी चूक असली तरी ती दाखविता येत नाही. चुकीचे का होईना, पण तपासता येणारे सूत्र खेळाडूला खेळसंचालकाशी वाद घालण्याचा आधार देते. तो आधार काढून घेतला की सर्व निर्णय एका व्यक्तीच्या मर्जीवर येतो. म्हणून सूत्र टाकून देण्यापेक्षा त्याच्या शेजारी मर्यादेचा विचार तितक्याच उघडपणे मांडला जावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.